ज्यांनी आम्हाला कापडाचा आवाज ऐकायला शिकवले, त्या ताईंस

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

गेल्या हंगामात तुम्ही राळेगाव तालुक्यातील आमच्या गावी येऊन राहिलात आणि कापूस वेचणाऱ्या महिलांवरील आमच्या माहितीपटाचे ध्वनिमुद्रण केलेत. निरोप घेताना बसस्थानकावर मी तुमचे आभार मानले होते. परंतु गाडी लागलेली असताना मानलेले आभार घाईचेच असतात, आणि तुम्ही नेमके काय देऊन गेलात हे तेव्हा मला पुरते उमगलेलेही नव्हते. ते उमगले संकलनाला बसल्यावर, एकेक वाक्य कानांवर पडू लागल्यावर. म्हणून हे पत्र सावकाश लिहीत आहे. उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, वऱ्हाडातील अनेक तरुण आज कॅमेरा घेऊन आपापल्या गावांत चित्रीकरण करीत आहेत आणि दोन वर्षांपूर्वी मी जिथे चुकलो, तिथेच त्यांच्यापैकी काही जण आत्ता उभे असतील.

तुम्ही येण्याआधीच्या वर्षी आम्ही ध्वनीचा विचार कॅमेऱ्यानंतर केला होता. नागपूरहून भाड्याने आणलेला, अंगावर बांधायचा एक छोटा रेकॉर्डर होता. त्याचा कॉलर माइक माहितीपटातल्या कापूस वेचणाऱ्या आजींच्या पदराला वरून चिमट्याने लावला, लाल दिवा लागल्याचे पाहिले आणि कॅमेरा सुरू केला. चित्रीकरण होणार म्हणून आजी त्या दिवशी ठेवणीतले, नवेकोरे, कडक नायलॉनचे पातळ नेसून आल्या होत्या आणि ते पाहून आम्हालाही बरेच वाटले होते. दुपारी धुऱ्यावर (बांधावर) बसून त्या सुनेशी बोलत होत्या. वावराकडे हात करून त्या म्हणाल्या, ‘हे वावर आता तुले पाहा लागन.’ किंवा म्हणाल्या, ‘मले पाहा लागन.’ कोणते, ते आजतागायत आम्हाला ठाऊक नाही. नेमक्या त्याच क्षणी त्यांनी हात उचलल्यामुळे पदर माइकवरून घासला आणि त्या शब्दाचे पहिले अक्षर खरखरीत बुडाले. एका अक्षराच्या फरकाने एक बाई आपले आयुष्यभराचे वावर सुनेच्या हाती सोपवते, किंवा या वयातही त्याचा भार पुन्हा स्वतःच्या खांद्यावर घेते. आम्ही ते वाक्य शंभरदा ऐकले, खरखर कमी करणारी सॉफ्टवेअरे वापरून पाहिली. पण खरखरीबरोबर शब्दही विरत गेला. शेवटी आजींनाच विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तवा म्हनलं असन काईतरी.’ ते दृश्य आम्हाला काढून टाकावे लागले.

हा प्रसंग मी तुम्हाला दूरध्वनीवर सांगितला, तेव्हा तुम्ही यंत्राबद्दल एकही प्रश्न विचारला नाहीत. आजींनी नेसलेले कापड कोणते होते, एवढेच विचारलेत.

तुम्ही आलात त्या पहिल्या संध्याकाळी कॅमेऱ्याची पेटी उघडू दिली नाहीत. आजींच्या ओसरीवर बसून तुम्ही त्यांची पातळे पाहिलीत, प्रत्येकाचा काठ कानाजवळ नेऊन दोन बोटांत चोळलात आणि वावरात रोज नेसायचे, धुऊन धुऊन मऊ झालेले सुती पातळ निवडलेत. आजी आधी नाराज झाल्या. ‘जुनंपानं नेसून फोटोत कशी दिसन मी?’ असे त्यांनी विचारले. तुम्ही त्यांना समजावून सांगण्याऐवजी हेडफोन त्यांच्या कानांवर चढवलात, माइक आधी नव्या पातळावरून फिरवलात आणि मग जुन्यावरून. दुसऱ्या खेपेला आजींनी मान हलवली. आपल्याच कपड्याचा आवाज त्या प्रथमच ऐकत होत्या. आणि खरे सांगायचे तर मीही प्रथमच ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माइक बसवताना तुम्ही केलेले काम मी इथे सविस्तर नोंदवतो, कारण आमच्या ध्वनिमुद्रणाची सारी गुणवत्ता त्या दहा मिनिटांत ठरली. तुम्ही दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीचे दोन लहान तुकडे समोशासारखे त्रिकोणी दुमडलेत, त्यांच्यामध्ये माइक धरलात आणि हनुवटीच्या एक वीत खाली, ब्लाउजच्या आतल्या बाजूला, शिवणीजवळ तो असा बसवलात की एका बाजूने कापडाला आणि दुसऱ्या बाजूने अंगाला तो पक्का चिकटून राहिला. कापड हलले तर माइक त्याच्याबरोबरच हलेल, त्यावर घासणार नाही, हे त्यामागचे साधे तत्त्व होते. वायरीची एक छोटी वेटोळी करून ती तुम्ही माइकच्या खाली पट्टीने दाबलीत, म्हणजे खालून ओढ बसली तरी तो धक्का वेटोळीतच जिरावा. मंगळसूत्राचे मणी माइकपर्यंत पोहोचणार नाहीत इतका माइक बाजूला घेतलात. ते काढून ठेवायला मात्र सांगितले नाहीत, आणि ही गोष्ट आजींनी नंतर साऱ्या गावात सांगितली. वेचणीच्या कामात पुढे कमरेला कापसाची झोळी असते, म्हणून रेकॉर्डरसाठी जुन्या धोतराच्या कापडाची नाडी लावलेली पिशवी तुम्ही शिवून आणली होती. ती पाठीमागे कमरेवर बांधलीत. हे सगळे दार लोटून, फक्त सुनेच्या मदतीने झाले. मी पुरुष आहे आणि आधीच्या वर्षी हेच काम मी अंगणात उभा राहून, सर्वांदेखत, अवघडून उरकले होते. माइक चुकीच्या जागी लागला त्याचे एक कारण तो संकोचही होता, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

आजींच्या पदराच्या गाठीत बटणांचा साधा मोबाइल बांधलेला होता. तो तुम्ही सोडवून सुनेकडे दिलात. संपर्कात असताना असा फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरींचे ठोके सोडतो आणि जवळच्या माइकच्या वायरीत त्यांची टिर्र टिर्र उतरते, हे तुम्ही सांगितलेत, तेव्हा आमच्या आधीच्या ध्वनिमुद्रणातील एका गूढ किरकिरीचा उलगडा झाला. आम्ही तिला रातकिडा समजत होतो.

बिनतारी माइक का नको, हे मी विचारले होते. आजी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) तासातून, म्हणजे ओळीतून, वेचत वेचत दोनशे-तीनशे मीटर दूर जातात, मध्ये माणसे आणि बैल येतात, आणि लहान बिनतारी संचांच्या लहरी शरीराने सहज अडतात. अंगावरच्या रेकॉर्डरला मात्र लहर पाठवायचीच नसते, तो आवाज जागच्या जागी कार्डावर लिहितो. त्याबदल्यात काय सोसावे लागते, तेही तुम्ही लपवले नाहीत. तो काय लिहीत आहे हे दिवसभर कोणालाच ऐकू येत नाही आणि माइक निसटला तर संध्याकाळीच कळते. म्हणूनच तुमची सकाळची तपासणी इतकी कडक असे: नवा सेल, रिकामे कार्ड, हेडफोनवर पूर्ण एक मिनिट ऐकणे, आजींना वाकायला, हात वर करायला, खोकायला लावणे, आणि मगच बटण लॉक करणे.

तुम्ही आणलेला टास्कॅम कंपनीचा डीआर-१०एल हा रेकॉर्डर ‘ट्रिपल ए’च्या एकाच सेलवर चालतो आणि मूळ आवाजाबरोबरच ६ डेसिबलने खालची दुसरी प्रतही लिहितो. या ६ डेसिबलचा अर्थ मला वावरातच समजला. आजी वाकल्या की त्यांचे तोंड माइकच्या जवळ येई. अंतर निम्मे झाले की आवाजाची पातळी साधारण तेवढीच वाढते, आणि वाकलेल्या असतानाच त्यांनी पलीकडच्या तासातल्या बाईला हाक मारली की मूळ प्रत फाटत असे. खालची प्रत शाबूत राही. तुम्ही बोलण्याची शिखरे उणे १२ डेसिबलच्या (यंत्राच्या कमाल मर्यादेच्या १२ डेसिबल खाली) आसपास राहतील अशी पातळी लावली होती आणि आपोआप पातळी बदलणारी सोय बंद ठेवली होती, कारण आजी गप्प झाल्या की ती सोय पऱ्हाटीची सळसळ वर ओढून आणते. ३२ बिट फ्लोटचा, म्हणजे अगदी हळू आणि अगदी मोठा आवाजही न फाटता लिहिणारा, रेकॉर्डर घेतला तर ही पातळीची चिंता जवळजवळ मिटते, असेही तुम्ही सांगितलेत. पण कापडाची खरखर ३२ बिटांतही खरखरच राहते, हे वाक्य तुम्ही दोनदा उच्चारलेत. यंत्र विकत घेण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येकाला मी ते तसेच्या तसे सांगतो.

चित्र आणि आवाज जुळवताना तुम्ही सुचवलेली रीत आम्ही पाळली. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आजी कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवत. पहिल्या वर्षी आम्ही कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवरचा आवाज प्रमाण धरून जुळवणी करायचो आणि दूरच्या दृश्यांत ओठ व शब्द यांत फरक का पडतो ते समजत नसे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे दर १४ मीटरमागे कॅमेऱ्याकडे आवाज एक फ्रेम उशिरा पोहोचतो, तर अंगावरच्या माइकला तो तत्क्षणी मिळतो. शिवाय दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत एकसारखी चालत नाहीत: दहा लाखांत दहा इतकाच फरक असला तरी तासाभरात ३६ मिलिसेकंद, जवळपास एक फ्रेम, सुटते. दुपारच्या टाळीचे महत्त्व त्यामुळे कळले.

आता ज्या गोष्टीसाठी मी तुमचा सर्वाधिक ऋणी आहे, तिच्याकडे येतो. पाचव्या दिवशी दुपारी आजी निंबाखाली शिदोरी सोडून बसल्या होत्या. आम्ही कॅमेरा घेऊन दुसऱ्या धुऱ्यावर गेलो होतो आणि आजी कमरेवरच्या पिशवीला साफ विसरल्या होत्या. शेजारणीशी त्या घरातले काही बोलल्या. संध्याकाळी कार्ड उतरवताना तुम्ही हेडफोनवर ते ऐकू लागलात, दोन-तीन वाक्यांनंतर हेडफोन काढलात आणि संगणक बंद केलात. मी विचारले, तेव्हा ‘हे आपले नाही’ इतकेच म्हणालात. मला मोह झाला होता, हे मी मान्य करतो. माहितीपट करणाऱ्याला असे न मागता मिळालेले बोलणे सोन्यासारखे वाटते. दुसऱ्या दिवशी तुम्ही आजींकडे गेलात, तेवढाच भाग त्यांना एकट्यांना ऐकवलात आणि काय करायचे ते विचारलेत. त्यांनी तो पुसायला सांगितला. तुम्ही तो त्यांच्यासमोर पुसलात, संगणकावरची प्रतही पुसलीत, आणि रेकॉर्डरचे बटण कसे बंद करायचे ते त्यांना शिकवलेत. त्यानंतर दुपारच्या शिदोरीला आजी स्वतःच यंत्र बंद करीत आणि उठताना सुरू करीत. कधी सुरू करायला विसरत, आणि एकदा सबंध तास गेला. त्याबद्दल तुम्ही एका शब्दानेही बोलला नाहीत.

मला वाटते, नंतरच्या चार दिवसांत आजी जे बोलल्या ते याचमुळे बोलल्या. सीतादहीच्या, म्हणजे पहिल्या वेचणीच्या पूजेच्या, दिवशी एका वावरात पहिला कापूस वेचताना त्यांनी आपल्या सासूची आठवण सांगितली. ती सतरा मिनिटे आम्ही जवळजवळ न कापता घेतली आहेत. त्यांत ‘डोया’ (डोळा) आहे, ‘काया’ (काळा) आहे, ‘करून रायली’ (करते आहे) आहे; शब्दाच्या शेवटी वऱ्हाडीत जो हेल लांबतो, तो श्वास संपेपर्यंत ऐकू येतो. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात १९०५ साली वऱ्हाडीचे नमुने छापले गेले, पण अशा नमुन्यांपैकी पहिल्यासाठी सर्वत्र बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्टच भाषांतरित करून घेतली जाई, आणि कागदावर हेल उतरत नाही. आमच्याकडे आज एका वेचणाऱ्या बाईची तिची स्वतःची गोष्ट, तिच्या हेलासकट, स्वच्छ आहे. तुमच्या नियमाप्रमाणे तिच्या तीन प्रती तीन वेगवेगळ्या जागी ठेवल्या आहेत.

आधीच्या वर्षीचे ते बुडालेले वाक्य मात्र परत मिळाले नाही. तुम्ही असताना मी तो विषय एकदा काढून पाहिला होता. आजींनी वावराकडे पाहिले आणि कापसाच्या भावाबद्दल बोलू लागल्या. तुम्ही मला नजरेनेच थांबवलेत.

दसऱ्यानंतर वेचणी पुन्हा सुरू होईल. शेवटच्या दोन दृश्यांसाठी तुम्ही याल अशी आशा आहे. प्रवासाची आणि राहण्याची व्यवस्था आमच्याकडे राहील. तुम्ही ठेवून गेलेल्या पट्टीने सुनेने या पावसाळ्यात आजींना निंदणाच्या वेळी तीनदा माइक बसवला आणि तिन्ही वेळा आवाज स्वच्छ आला. आजींचा निरोप त्यांच्याच शब्दांत कळवतो: ‘त्या ताईले सांग, पट्टी सरली म्हना, येतानी घेऊन येजो.’

आपला कृतज्ञ,
माहितीपटाचा दिग्दर्शक