गणपतीपूर्वीच्या पालकभेटीबाबत सूचना

रत्नागिरी परिसरातील सर्व सभासद पालकांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी दुपारी ४ वाजता नेहमीच्या जागी आपली मासिक भेट होईल. चाकरमानी घरी आल्यावर वाढणारी गर्दी, आरतीच्या झांजा आणि फटाके यांमुळे आपली स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुले अस्वस्थ होतात, तेव्हा शांत खोली, कानांवरचे आवरण किंवा दिवसाचे चित्रमय वेळापत्रक यांपैकी घरी खरोखर काय उपयोगी पडले, हे प्रत्येकाने सांगावे. फसलेले उपायही सांगावेत, किंबहुना तेच आधी सांगावेत. दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण मिळते, मात्र त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. ज्यांचे राहिले असेल त्यांनी दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रत सोबत आणावी. मुलांना आणण्यास हरकत नाही, मागची खोली त्यांच्यासाठी मोकळी ठेवली आहे.