नऊ म्हणजे वरचा रे

लष्कर, ग्वाल्हेर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, गाण्यावर सी९ कॉर्ड दिसली की मी ते गाणंच सोडून देते." मनाला लागलं गं ते. बोटं दुखली म्हणून गिटार खाली ठेवलीस तर मी काही म्हणणार नाही, पण एका आकड्यापायी गाणं सोडायचं? काल दुपारी बाबा महाराज बाड्यावर, चौकात गेले, तेव्हा पेटी काढून बसले आणि त्या आकड्यांचा छडा लावूनच उठले.

माझ्या गाण्याच्या वह्या तू लहानपणी पाहिल्या आहेस. भातखंड्यांनी १९१८ साली माधवराव शिंदे महाराजांच्या आश्रयाने इथे माधव संगीत महाविद्यालय सुरू केलं. आम्ही त्यांच्याच लिपीत शिकलो. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तार सप्तकातल्या स्वराच्या डोक्यावर टिंब. तुझा नऊ म्हणजे टिंब दिलेला रे. सा एक धरून मोजत जा: सातवा नी, आठवा वरचा सा, नववा वरचा रे. अकरा म्हणजे वरचा म, तेरा म्हणजे वरचा ध. मोठ्या आकड्यातून सात वजा कर, ओळखीचा स्वर हाती येतो.

आता सी म्हणजे पेटीची पांढरी एक. तिथे सा धरून सा, ग, प एकदम वाजव; असे स्वर एकत्र वाजले की कॉर्ड. ही तुझी साधी सी. त्यावर कोमल नी ठेवला की सी७, त्यावर आणखी वरचा रे ठेवला की सी९. नऊ लिहिलं की सात न लिहिताच आत आला. तो नी नको असेल तर 'ॲड९' लिहितात, म्हणजे सा, ग, प आणि वरचा रे, एवढंच. काल मी पाच-सहा वेळा नीवरचं बोट उचललं आणि ठेवलं. उचललं की सगळं मोकळं, निवांत. ठेवलं की पुढे कुठेतरी जायची ओढ लागते. हा फरक कानाला कळला की चिन्ह पाठ करावं लागत नाही.

एका ठिकाणी मात्र नक्की गोंधळशील. 'मेजर ७' मधला मेजर नीबद्दल आहे, गबद्दल नाही. नुसता ७ म्हणजे कोमल नी, मेजर ७ म्हणजे शुद्ध नी. आणि सीला चिकटलेला छोटा 'एम' गबद्दल आहे: ग कोमल कर.

तुझी खरी अडचण वेगळीच आहे, मला कळतंय. तेरापर्यंत एक सोडून एक मोजलं तर स्वर होतात सात आणि गिटारीला तारा सहा, दाबायला बोटं चार. सगळे स्वर घ्यायचेच नसतात, बाळा. तू रोज वाजवतेस ती उघड्या तारांची सी७ बघ: सा, ग, कोमल नी, सा, ग. तिच्यात पंचम, म्हणजे प, नाहीच, आणि आजवर तुला तो आठवलाही नाही. सा खणखणीत वाजला की त्याच्याच आसेत, मागे रेंगाळणाऱ्या नादात, पंचम असतो. तानपुऱ्याशी बसून तो तू ऐकला आहेस. म्हणून आधी प सोड. ग आणि नी सांभाळ, कॉर्डचा स्वभाव त्या दोघांत आहे. सी११ मध्ये मात्र शुद्ध म आणि ग एकमेकांना घासतात, म्हणून तिथे बहुतेक वेळा गच सोडतात.

सी९ साठी मधलं बोट खालून पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला (दांडीवरच्या पट्ट्यांमधल्या तिसऱ्या घरात), तर्जनी चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला आणि अनामिका आडवी करून खालच्या तिन्ही तारांवर तिसऱ्या फ्रेटला. मधल्या बोटाच्या टोकाने सहावी तार हलकेच अडव, ती वाजू देऊ नकोस. अनामिका नीट बसेना तर पहिली तार सोडून दे. तिथे प आहे, आणि प गेला तरी चालतो हे आता तुला ठाऊक आहे.

रविवारी सकाळी फोन कर. मी पेटीवर पांढरी एक धरून ठेवते, तू आधी सी वाजव, मग सी९.

तुझी,
आई