भुयारी रेल्वेची नोंदवही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या कार्याबद्दल, अर्पण केला. फुले जयंतीच्या भाषणांत या अर्पणपत्रिकेचा उल्लेख आवर्जून होतो. मात्र ते कार्य कसे चालले, हे क्वचितच सांगितले जाते. नुकताच एका शालेय वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो असता, एका मुलीने ‘भुयारी रेल्वे’ म्हणजे जमिनीखालून धावणारी गाडी असल्याचे सांगितले आणि दुसऱ्या स्पर्धकाने सारे श्रेय दयाळू गोऱ्या कुटुंबांना देऊन टाकले. चूक मुलांची नव्हे, त्यांच्या हाती दिलेल्या मजकुराची आहे.

अमेरिकेतील या ‘भुयारी रेल्वे’ला ना रूळ होते ना इंजिन. दक्षिणेतील राज्यांतून निसटलेल्या गुलामांना रातोरात उत्तरेकडे आणि पुढे कॅनडात पोहोचवणाऱ्या माणसांची ती साखळी होती. पळालेल्या गुलामांविषयीच्या १८५० च्या कायद्याने अशा मदतीसाठी एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. शिवाय पकडलेला माणूस मालकाच्या स्वाधीन केल्यास, प्रकरणाचा निकाल देणाऱ्या आयुक्ताला दहा डॉलर आणि सोडून दिल्यास पाचच डॉलर मिळत. थॉमस गॅरेट यांच्यासारख्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी जबर दंड सोसला, हे खरेच. परंतु या कामाचा मोठा भार स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी आणि स्वतः निसटून आलेल्यांनी वाहिला. हॅरिएट टबमन १८४९ मध्ये मेरीलँडमधून सुटल्या आणि पुढे सुमारे तेरा वेळा तिथेच परत जाऊन त्यांनी सत्तरेक माणसे बाहेर काढली.

त्यांच्याइतकेच विल्यम स्टिल आपल्याला माहीत असायला हवेत. फिलाडेल्फियातील गुलामगिरीविरोधी संस्थेच्या कचेरीत ते कारकून होते. १८५० च्या ऑगस्टमध्ये अलाबामाहून आलेला एक प्रौढ माणूस त्यांच्यासमोर बसून, चाळीसेक वर्षांपूर्वी दुरावलेल्या आईवडिलांची नावे सांगू लागला. ती नावे स्टिल यांच्याच आईवडिलांची होती. समोर बसलेला पीटर हा त्यांचा सख्खा भाऊ. आई दोन मुलींना घेऊन पळाली, तेव्हा मागे ठेवावा लागलेल्या दोन मुलांपैकी एक. स्टिल यांचा जन्मच त्यानंतरचा. पुढे आलेल्या शेकडो जणांची जुनी-नवी नावे, वय, मालक, मागे राहिलेली माणसे, सारे त्यांनी वह्यांत टिपले. वह्या सापडल्या असत्या तर सगळेच अडकले असते. म्हणून त्या काही काळ दफनभूमीतील इमारतीत दडवल्या होत्या. १८७२ मध्ये, म्हणजे जोतीरावांच्या ग्रंथाच्या आदल्याच वर्षी, त्यांनी हा ऐवज छापला.

येत्या ११ एप्रिलच्या पुरवणीत अर्पणपत्रिकेसोबत स्टिल यांच्या वहीतील दोन-चार नोंदी मराठीत द्याव्यात, ही विनंती. पुढच्या स्पर्धेच्या आधी त्या मुलांपर्यंत पोहोचवण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा