येताना मुक्त, जाताना बंदी?

महोदय,

मुक्त व्यापाराला घाबरण्याचे कारण नाही, असे समजावणारा कालचा अग्रलेख वाचला. घाबरतंय कोण? शेतकरी संघटनेचा बिल्ला लावून फिरलेल्या आमच्या पिढीला हे सांगायला आपण तीसेक वर्षे उशीर केलात. जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावावरून डावे आणि स्वदेशीवाले एका सुरात ओरडत होते, तेव्हा शरद जोशी बाजार खुला करा म्हणत होते आणि आम्ही ट्रॅक्टर भरभरून त्यांच्या सभांना जात होतो.

ब्रिटनच्या करारामुळे व्हिस्कीवरचे आयात शुल्क 150 टक्क्यांवरून 75 वर आणि दहा वर्षांत 40 वर येणार, याचे आपल्याला भारी कौतुक. असू द्या. युरोपात जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षांचा दाखला दिलात, तोही मान्य. 2010 मध्ये औषधाचा अंश सापडला म्हणून तिकडे आपल्या द्राक्षांचे कंटेनर नाकारले गेले. बागाईतदार पार झोपले, पण फवारणीचे वेळापत्रक सुधारून पुन्हा उभे राहिले. परक्या गिऱ्हाइकाने घातलेली अट निदान आधी वाचता तरी येते.

आपल्याच सरकारची अट मात्र रात्रीतून येते. 7 डिसेंबर 2023 ला अधिसूचना निघाली आणि 8 तारखेपासून कांद्याची निर्यात बंद. मी आदल्या दिवशीच मजूर लावून लाल कांदा काढून, पात कापून ट्रॉली भरून ठेवली होती. सकाळी बाजार समितीत पोहोचलो तर लिलाव बंद, गेटवर घोषणा. ज्या व्यापाऱ्याला माल देणार होतो त्याने फोन उचलला नाही. त्याचेही कंटेनर बंदरावर अडकलेले. लाल कांदा म्हणजे काही उन्हाळ कांदा नव्हे, साठवणुकीच्या चाळीत टाकला आणि चार महिने विसरला असे चालत नाही. लिलाव सुरू झाल्यावर पहिल्याच बोलीला माल देऊन मोकळा झालो, ट्रॉलीच्या तळाचा कांदा तोवर पाणी सोडू लागला होता. महिनाअखेर भाव निम्म्यावर आले. चांदवडला रास्ता रोको झाला, पुढारी येऊन गेले. मजुरी काही निम्मी झाली नाही.

त्याआधी ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लावून झालेच होते. मार्चअखेर संपणारी बंदी निवडणुकीच्या तोंडावर आणखी लांबली आणि त्यातही एप्रिलमध्ये गुजरातच्या 2000 टन पांढऱ्या कांद्याला वाट करून दिली गेली. मुक्त व्यापाराच्या कुठल्या प्रकरणात हे बसते, ते अग्रलेखकारांनी सवडीने कळवावे.

आता 1 एप्रिल 2025 पासून निर्यात शुल्क शून्य आहे. दार सताड उघडे, पण गिऱ्हाईक कुठाय? आपण दुकान बंद ठेवले तेव्हा दुबईत पाकिस्तानचा कांदा जाऊन बसला. बांगलादेशने स्वतःची लागवड वाढवली. वर त्यांनी आपल्या संत्र्यावर जबर शुल्क लावले, म्हणजे नाशिकच्या कांद्यावरच्या निर्णयाचा फटका विदर्भालाही बसला म्हणायचा. उलट बाहेरचा माल आत घ्यायचा असला की सगळे कसे झटपट होते. 30 मे 2025 रोजी कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 10 वर आणले, ते सोयाबीनच्या पेरण्या तोंडावर असताना. लातूरच्या शेतकऱ्याला मुक्त व्यापाराचे फायदे समजावायला आपला वार्ताहर जरूर पाठवा.

ग्राहकाला स्वस्त मिळावे याला माझा विरोध नाही, मीही तेल विकतच आणतो. पण भाव पडले की ती बाजाराची मर्जी आणि चढले की सरकारची जबाबदारी, हे दोन्ही एकाच अग्रलेखात कसे काय मावते?

जाता जाता आणखी एक. कांदा पन्नास रुपये किलो झाला की आपल्या पहिल्या पानावर डोळे पुसणाऱ्या गृहिणीचा फोटो हमखास असतो. तोच पाच रुपयांना जातो तेव्हा बातमी आतल्या पानावर, शोकसंदेशांच्या शेजारी. आणि बाजारभावांची चौकट हल्ली सोमवारी जाहिरातीसाठी गायब करता, ती निदान पुन्हा सुरू करा. मंगळवारी शनिवारचे भाव वाचून आम्ही काय करायचे?

— एक कांदा उत्पादक, ता. निफाड, जि. नाशिक