तो गोंगाट नव्हे

रविवार पुरवणीतील मुक्त जॅझवरील (ठरलेल्या चाली-ठेक्यांची बंधने झुगारणाऱ्या जॅझवरील) लेखात प्रायोगिक सॅक्सोफोनवादनाला गोंगाट ठरवले आहे. हे मत मुळीच पटले नाही. शिकागोचे अँथनी ब्रॅक्स्टन यांचे उदाहरण घ्या. १९६९ मध्ये त्यांनी ड्रम, पियानो, बास यांपैकी कशाचीही साथ न घेता एकट्या ऑल्टो सॅक्सोफोनवर दोन तबकड्या भरतील इतके वादन ध्वनिमुद्रित केले. ‘फॉर ऑल्टो’ या नावाने ते १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. तासाहून अधिक काळ एकट्याने वाजवायचे, तर मनाला येईल तसे फुंकून भागत नाही. ब्रॅक्स्टन यांनी त्यासाठी नादाचे १२ प्रकार मांडले. लांबवलेला स्वर, तुटक स्वरांच्या ओळी, एकाच नळीतून एकाच वेळी निघणारे अनेक स्वर हे त्यांतले काही. एखादा प्रकार निवडायचा आणि त्याच्याच चौकटीत उपज करत राहायचे. रागाचे नियम पाळून बढत करणारा गवई ऐकलेल्यांना हे इतके परके का वाटावे? (राग आणि ही पद्धत एकच, असा माझा दावा नाही.)

इंग्लंडचे सॅक्सोफोनवादक इव्हान पार्कर गालात हवा धरून नाकाने श्वास घेतात आणि सूर तुटू देत नाहीत. आपल्याकडे गारुड्याची पुंगी याच युक्तीने अखंड वाजते. लेखकाने यांपैकी एकाचे तरी एकलवादन शेवटपर्यंत ऐकावे आणि मग पुन्हा लिहावे, ही मनापासून विनंती.

– एक श्रोता, पुणे