महिला-बालकल्याणची सभा संध्याकाळी घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवी मुंबई महापालिकेची निवडणूक 2015 नंतर थेट 2026 च्या जानेवारीत झाली. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असल्याने सभागृहात बायका भरपूर आहेत. आता महिला व बालकल्याण समितीचा निधी कशावर खर्चायचा याची चर्चा होईलच. ती पुन्हा शिलाई यंत्रे, मेंदीचे वर्ग आणि 8 मार्चची पाककला स्पर्धा एवढ्यावर आटोपू नये, म्हणून हे पत्र. शिलाई यंत्राला माझा विरोध नाही. पण दहा बाय बाराच्या खोलीत ते ठेवायचे कुठे, हे वाटणाऱ्यांनी कधी विचारल्याचे ऐकिवात नाही.

मी कोपरखैरण्यातल्या एका बचत गटाचे हिशेब पाहते. गटातल्या बऱ्याच जणी एपीएमसीच्या कांदा-बटाटा बाजारात निवडायला जातात, बाकीच्या घरकामाला. योजनांची शिबिरे भरतात सकाळी अकराला. त्या वेळी ज्या मोकळ्या असतात त्याच तिथे जातात, फोटोत दिसतात, आणि ‘महिलांची मागणी’ म्हणून त्यांचीच मागणी कागदावर येते.

आमच्या गटात एक तृतीयपंथी सदस्य आहे. स्टेशनबाहेर पोह्या-उपम्याची गाडी लावते. तिला गटात घेताना एक-दोघी कुरकुरल्या होत्या. पुढे तिनेच एका कार्यालयाची डब्यांची ऑर्डर गटाला मिळवून दिली, आणि कुरकुर आपोआप मिटली. घोडे अडले ते बँकेत. खिडकीपलीकडच्या बाईंनी आधारवरचा फोटो पाहिला, समोरचा चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा मागितला. ती राहते गावठाणात, गावकऱ्यांनी परवानगीशिवाय ‘गरजेपोटी’ बांधलेल्या इमारतीत. मालक शेजारच्यांपेक्षा जास्त भाडे घेतो, तेही रोख, आणि करारनाम्याचे नाव काढले की खोली सोडायला सांगतो. करारनामा नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून खाते नाही, खाते नाही म्हणून अनुदान नाही.

कागदावर काही कमी नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये नालसा खटल्यात तृतीयपंथीयांना मान्यता दिली, 2019 मध्ये केंद्राचा कायदा झाला. पिंपरी-चिंचवड महापालिकेने तर त्यांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल (अस्वच्छता करणाऱ्यांवर लक्ष ठेवणारे) म्हणून कामावर घेतले. आपल्या महापालिकेनेही ते करून पाहावे. पण नुसती नोकरी देऊन भागत नाही. कोची मेट्रोने 2017 मध्ये तृतीयपंथीयांना नोकऱ्या दिल्या, देशभर कौतुक झाले, आणि काहींनी थोड्याच दिवसांत त्या सोडल्या. कारण? शहरात कोणी त्यांना खोली भाड्याने देईना.

या गाठीचे एक टोक नगरसेवकांच्या हातात आहे. आधारमधला पत्ता बदलण्यासाठी ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र चालते आणि ते देण्याचा अधिकार नगरसेवकालाही आहे. त्यासाठी घरमालकाच्या पाया पडावे लागत नाही. 2020 पासून आपल्याकडे प्रशासक होता, नगरसेवकच नव्हते. आता प्रत्येक प्रभागात आहेत. त्यांनी मनात आणले तर पैसाही न खर्चता हे काम होईल. आणि ते केवळ तृतीयपंथीयांच्याच नव्हे, नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या, भावाच्या नाहीतर मैत्रिणीच्या खोलीत राहणाऱ्या बाईच्याही उपयोगी पडेल. अशा प्रत्येक गल्लीत सापडतील.

अर्जांचेही एकदा पाहावे. माझ्या ऐरोलीच्या मैत्रिणीचे कॉलेजात शिकणारे मूल स्वतःला नॉन-बायनरी, म्हणजे निव्वळ स्त्रीही नाही आणि पुरुषही नाही, असे म्हणवते. मोफत संगणक वर्गाच्या अर्जावर स्त्री आणि पुरुष एवढ्याच दोन चौकटी होत्या. तिसरी स्वतः पेनाने काढून त्यात खूण केली, तर अर्ज ‘खाडाखोड’ म्हणून परत आला! छापील अर्जात एक चौकट वाढवायला कोणत्या समितीचा ठराव लागतो?

तेव्हा समितीला एकच विनंती. पहिली सभा मुख्यालयात न घेता प्रभागात घ्या, संध्याकाळी साडेसातनंतर. सोबत मुलांना सांभाळायला कोणीतरी ठेवा, नाहीतर निम्म्या जणी दारातूनच परततील. तृतीयपंथी आणि नॉन-बायनरी व्यक्तींना निरोप देऊन बोलवा; फलकावर ‘सर्वांचे स्वागत’ लिहिल्याने ते येत नाहीत, आजवरचा अनुभव त्यांना पुरेसा आहे. आणि नगरसेवकांनी आधारच्या प्रमाणपत्राचे कोरे नमुने व शिक्का बरोबर आणावा. जागेची अडचण सांगू नये. आमच्या सेक्टरमधले समाजमंदिर लग्नसराई सोडली तर आठवड्यातले चार दिवस कुलूपबंदच असते.

– बचत गटाची एक सदस्य, कोपरखैरणे, नवी मुंबई