पांढरे दिसले म्हणजे मेलेले, असे नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत पक्षाघाताच्या संशोधनाबद्दल लेख आला होता. उंदरांच्या मेंदूचे काप आता संगणक स्वतःच मोजतो, माणसाला तासन्‌तास लागणारे काम काही सेकंदांत उरकते आणि अचूकता ९५ टक्के आहे, असे त्यात म्हटले होते. तासन्‌तास मोजणारे ते माणूस म्हणजे मी. सव्वीस वर्षे एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. लेखावर माझा राग नाही. हे यंत्र मला वीस वर्षे आधी मिळाले असते तर माझे मनगट आज शाबूत असते. पण लेखात कौतुक झाले ते वेगाचे, आणि वेग ही त्यातली सर्वांत किरकोळ गोष्ट आहे.

काम काय असते ते आधी सांगते. पक्षाघात घडवण्यासाठी उंदराला भूल देऊन मेंदूची मधली धमनी एका बारीक तंतूने ठरावीक वेळ अडवतात. बहुधा दुसऱ्या दिवशी, वेदना न देता त्याचा शेवट करून मेंदू बाहेर काढतात, साच्यात बसवून पात्याने दोन-दोन मिलिमीटरचे काप करतात आणि टीटीसी नावाच्या रसायनाच्या द्रावणात ३७ अंशांवर ठेवतात. जिवंत पेशींच्या मायटोकॉन्ड्रियातली, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांतली, विकरे या रंगहीन रसायनाला लाल करतात. जिथे पेशी मेल्या, तो भाग पांढराच राहतो. उंदरांच्या पक्षाघातासाठी ही रीत १९८६ पासून रुळलेली आहे. मग फोटो काढायचा, पडद्यावर पांढऱ्या भागाभोवती माउसने रेघ ओढायची, क्षेत्रफळाला जाडीने गुणायचे आणि सगळ्या कापांची बेरीज करायची. (हातातही माउस आणि पडद्यावरही माउस, हा विनोद नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाला आमच्याकडे एकदा ऐकावाच लागे.)

लाल आणि पांढरे वेगळे करायला संगणकाला एक आकडा पुरेल असे आम्हालाही वाटले होते. यापेक्षा फिकट ते मृत, संपले. इमेजजे या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामवर तसे करूनही पाहिले, आणि शस्त्रक्रियाच न झालेल्या एका धडधाकट उंदरालाही पक्षाघात झाल्याचे निघाले! मेंदूचे दोन अर्ध जोडणारा कॉर्पस कॅलोसम हा चेतातंतूंचा पट्टा निरोगी प्राण्यातही फिकट दिसतो. ओल्या कापावर दिव्याची चकाकी पडते, तीही फिकट. यंत्राने दोन्ही मृतांच्या खात्यात जमा केले होते.

आताचे प्रोग्राम असे भाबडे नाहीत. २०१५ साली आलेल्या यू-नेटसारख्या, चित्रातले भाग वेगळे करायला शिकणाऱ्या प्रोग्रामांच्या रचना माणसाने आखलेल्या शेकडो चित्रांवरून शिकतात. तो पट्टा कुठे असतो, चकाकी कशी दिसते, हे त्यांना कळू लागते. प्रश्न एवढाच, की शिकतात कोणाच्या हातावरून? माझ्यासारखीच्या. आणि माझ्या हाताबद्दल मला एक गोष्ट कबूल करायची आहे.

एका औषधाच्या प्रयोगात डब्यांवरच्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या. कोणत्या उंदराला औषध आणि कोणाला नुसते सलाइन, हे मला पाठ होते. निकाल झकास आला. काही महिन्यांनी शोधनिबंधाच्या परीक्षकाने शंका काढली, म्हणून सहकाऱ्याने त्याच फोटोंची नावे बदलून, क्रम उलटासुलटा करून ते पुन्हा माझ्यासमोर ठेवले. सलाइनवाल्यांच्या रेघा जवळजवळ होत्या तिथेच आल्या. औषधवाल्यांच्या मात्र बाहेर सरकल्या. मी काही लबाडी केली नव्हती. मेलेल्या भागाच्या कडेला एक गुलाबी पट्टी असते, धड लाल नाही, धड पांढरी नाही. औषध मिळालेल्या उंदराची ती पट्टी मी पहिल्या खेपेस जिवंत धरत गेले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. निबंध आम्ही मागे घेतला.

यंत्राला चिठ्ठ्या वाचता येत नाहीत. त्याचा खरा गुण हा आहे, आणि तो लेखात कुठेच नव्हता. २००६ मध्ये एका आढाव्यात पक्षाघातावरचे १,०२६ प्रायोगिक उपाय मोजले गेले. त्यांतून रुग्णांच्या नेहमीच्या उपचारात काय आले, तर मुख्यतः गुठळी विरघळवणारे औषध. एनएक्सवाय-०५९ हे औषध प्राण्यांमध्ये चांगले ठरले होते. तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या मोठ्या चाचणीत ते पडले. नंतर प्राण्यांवरचे प्रयोग पुन्हा तपासले, तेव्हा दिसले की जिथे प्राण्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली होती आणि मोजणाऱ्याला गट माहीत नव्हता, तिथे औषधाचा परिणाम कमी आढळला होता. ते वाचताना मला माझी गुलाबी पट्टी आठवली.

आता त्या ९५ टक्क्यांकडे येते. कापाच्या फोटोत मृत भाग समजा पाच टक्के आहे. ‘इथे काहीच मेलेले नाही’ असे प्रत्येक ठिपक्याला सांगणारा प्रोग्रामसुद्धा ९५ टक्के अचूक ठरतो. म्हणून जाणकार डाइस गुणांक पाहतात: यंत्राचा आणि माणसाचा आकार एकमेकांवर किती बसतात, शून्य ते एक. पण तिथेही खाचखळगे आहेतच. मृत भाग चार मिलिमीटर त्रिज्येचा गोल आहे आणि रेघ सगळीकडून पाव मिलिमीटर बाहेर गेली, तर क्षेत्रफळ १३ टक्क्यांनी फुगते. त्रिज्या एकच मिलिमीटर असेल, तर तीच चूक ५६ टक्क्यांची होते. आणि मृत भाग लहान कधी असतो? औषध लागू पडले तेव्हा. म्हणजे ज्या कापांवर सगळा निकाल अवलंबून, तिथेच यंत्र सर्वांत कच्चे. सगळ्या कापांची मिळून एक सरासरी छापली की हे झाकले जाते.

सुजेचे गणितही लेखात सुटले. मेलेला भाग पाणी धरून फुगतो. समजा निरोगी अर्ध ५० चौरस मिलिमीटर, दुखावलेले अर्ध ५६ आणि त्यात पांढरे २०. सरळ मोजले तर इजा २०. पण लाल उरले ३६, निरोगी अर्धातून ते वजा केले तर १४. वरचे सहा म्हणजे सूज. १९९० पासून अशी वजाबाकी करतात. त्यासाठी दोन अर्धांमधली मध्यरेषा नेमकी सापडावी लागते, आणि सुजेने ती दुसऱ्या बाजूला ढकललेली असते. मी ती हाताने वाकडी आखत असे. आम्ही आणलेला पहिला प्रोग्राम तिथे पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ ओढायचा.

म्हणून यंत्र नको असे मी म्हणत नाही. अमेरिकेत सरकारी पैशाने सहा प्रयोगशाळांनी मिळून अडीच हजारांहून अधिक उंदरांवर सहा उपचार तपासले. उंदरांना सांकेतिक क्रमांक होते आणि एमआरआयची चित्रे एका मध्यवर्ती केंद्रात यंत्राकडून मोजून घेतली गेली. २०२३ मध्ये निकाल छापून आला, तेव्हा सहांपैकी एकटे युरिक अॅसिड टिकले होते. माझ्यासारख्या सहा बायकांनी सहा ठिकाणी बसून रेघा ओढल्या असत्या तर मापे किती जुळली असती, सांगता येत नाही.

यापुढे अशी बातमी छापताना आपल्या वार्ताहराने एवढे विचारावे, की प्रोग्राम शिकला ती चित्रे कोणी आखली आणि आखणाऱ्याला गट माहीत होते का. लहान इजांवरचा डाइस वेगळा किती. आणि मूळ फोटो इतरांना पाहायला ठेवलेत का. शेवटचे उत्तर ‘नाही’ आले, तर बातमी थोडी थांबली तरी चालेल.

मागे घेतलेल्या त्या निबंधाच्या फोटोंवरची माझी दोन्ही वेळची आखणी संस्थेत जपून ठेवलेली आहे. फोटो तेच, हात तोच, फरक फक्त चिठ्ठीचा. नव्या प्रोग्रामांच्या परीक्षेसाठी ती खुली करावी, असे मी संस्थेला लेखी कळवले आहे. उत्तर अजून यायचे आहे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ